शहराच्या क्रीडा आणि मनोरंजन उपक्रमांचं शुल्क कसं ठरवावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जलतरण तलाव, व्यायामशाळा, खेळाची मैदानं, मुलांची सुट्टीतली शिबिरं, चित्रकला आणि नृत्याचे वर्ग: शहर चालवतं अशा उपक्रमांच्या दरपत्रकाचा विषय निघाला की हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. प्रस्ताव तयार करणारे कर्मचारी, तो मंजूर करणारे सदस्य आणि शेवटी पैसे भरणारे नागरिक, या तिघांनाही उपयोगी पडावीत म्हणून ही उत्तरं लिहिली आहेत. काही ठिकाणी माझं मत स्पष्ट दिलं आहे, कारण शुल्काचा निर्णय नुसत्या हिशेबाने होत नाही.

आम्ही कर भरतो. मग वर पुन्हा शुल्क कशाला?

प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर तयार न ठेवता मांडलेलं दरपत्रक पहिल्याच सभेत अडतं, आणि अडायलाच हवं.

बागेतल्या पायवाटेवर मी चाललो म्हणून तुमची वाट कमी होत नाही. अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ मध्ये सार्वजनिक वस्तूंची जी मांडणी केली तिचा गाभा हाच आहे: एकाने उपभोग घेतल्यावरही दुसऱ्यासाठी ती तेवढीच उरते. अशा गोष्टीचा खर्च करातूनच व्हावा. दारात तिकीट लावून कोणाला तरी बाहेर ठेवण्यात कोणाचाच फायदा नसतो. तलावाचं तसं नाही. संध्याकाळच्या बॅचमध्ये ४० जण मावत असतील तर एक्केचाळिसाव्याला परत जावं लागतं. अर्थतज्ज्ञ जेम्स ब्युकॅनन यांनी १९६५ मध्ये सार्वजनिक आणि खासगी यांच्या मधल्या प्रकारच्या या वस्तूंचा विचार मांडला, तेव्हा पोहण्याचा तलाव हेच त्यांचं एक उदाहरण होतं. अशा सुविधेचा काही भार वापरणाऱ्याने उचलावा, हे न्याय्य आहे. जो कधीच पोहायला येत नाही तोही करातून तलावाला हातभार लावतोच. शुल्क नसेल, तर रोज येणाऱ्याचा जवळजवळ सगळा खर्च न येणाऱ्यांच्याच खिशातून जातो.

म्हणजे कर आणि शुल्क हे एकाच खर्चाचे दोन वाटे आहेत. वाद व्हायला हवा तो कोणता वाटा किती, यावर.

मग पूर्ण खर्चाइतकंच शुल्क का घेऊ नये?

कारण एका माणसाच्या शिकण्याचा फायदा त्याच्यापाशीच थांबत नाही. मूल पोहायला शिकतं तेव्हा त्याच्या आईवडिलांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं, आणि उद्या ते मूल दुसऱ्यालाही वाचवू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली, आणि त्यांत लहान मुलांचं प्रमाण मोठं होतं. मुलांना पोहायला शिकवण्याकडे ‘हौस’ म्हणून पाहणं मला मान्य नाही. खेळ हा मुलांचा हक्क आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं कलम ३१ स्पष्ट म्हणतं.

याउलट, प्रौढ खेळाडूला एकट्याला मिळणारं टेनिसचं खास प्रशिक्षण घ्या. त्याचा आनंद खरा आहे, पण तो बहुतांश त्याचा स्वतःचा आहे. त्यासाठी इतरांनी करातून पैसे घालावेत याला फारसा आधार नाही.

उत्तर अमेरिकेतल्या अनेक शहरांचे उद्यान विभाग हा विचार पिरॅमिडच्या चित्रातून मांडतात. तळाशी सगळ्या शहराला लाभ देणाऱ्या गोष्टी, ज्यांचा खर्च जवळजवळ पूर्ण करातून. वर जावं तसा लाभ व्यक्तीकडे सरकतो आणि शुल्काचा वाटा वाढतो. टोकावरच्या उपक्रमांनी पूर्ण खर्च भरून थोडी शिल्लकही टाकावी. चित्र साधं आहे. कोणता उपक्रम कोणत्या पायरीवर बसवायचा, तिथे मात्र भांडण होतं. ते भांडण रकमा ठरण्याआधी होऊ द्या. रकमा समोर आल्यावर प्रत्येक जण आपापल्या उपक्रमाची बाजू लढवतो.

‘खर्च’ म्हणजे नेमकं काय काय धरायचं?

या ठिकाणी सर्वाधिक गफलत होते, म्हणून हिशेब सविस्तर मांडतो. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत.

मुलांचा आठ आठवड्यांचा चित्रकलेचा वर्ग आहे. जागा २०. शिक्षक आणि मदतनीस यांचं मिळून मानधन १२,०००. प्रत्येक मुलामागे कागद-रंगांचे १५०. हा झाला थेट खर्च: वर्ग घेतला नाही तर तो होणारच नाही. शिवाय खोलीची वीज, सफाई, नोंदणी करणारा कारकून, विमा यांतला या वर्गाच्या नावचा हिस्सा ६,०००. हा अप्रत्यक्ष खर्च. वर्ग बंद केला तरी त्यातला बराचसा होतच राहतो.

वीसच्या वीस मुलं आली तर थेट खर्च १५,०००, म्हणजे मुलामागे ७५०. अप्रत्यक्ष खर्च धरला तर २१,०००, मुलामागे १,०५०. पण बाराच मुलं आली तर? थेट खर्च १३,८०० आणि मुलामागे १,१५०. अप्रत्यक्षासह १,६५०. वर्ग तोच, शिक्षक तोच, आणि ‘एका मुलाचा खर्च’ दीडपटीहून जास्त झाला.

म्हणून ‘दर मुलामागे खर्च किती?’ असं कोणी विचारलं की आधी विचारा, किती मुलं धरून? बरेच प्रस्ताव भरलेल्या वर्गावर आखलेले असतात आणि वर्ष प्रत्यक्षात अर्ध्या भरलेल्या वर्गांवर निघतं. मागच्या दोन-तीन वर्षांची सरासरी हजेरी घ्या.

याच हिशेबातून किमान नोंदणीही ठरते. शुल्क १,००० ठेवलं तर प्रत्येक मुलाचे साहित्याचे १५० वजा जाऊन ८५० उरतात. १४ मुलांचे ११,९०० होतात, मानधनाला शंभर कमी पडतात. पंधरावं मूल आलं की थेट खर्च निघतो. हा आकडा नोंदणीच्या खिडकीवरच्या माणसाला माहीत असायला हवा.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. वर्ग १५ मुलांवर सुरू झाला आणि पाच जागा रिकाम्या राहिल्या. सोळाव्या मुलाला बसवायला शहराला खरोखर किती जास्त खर्च येतो? फक्त १५०. शिक्षक आलेलाच आहे, दिवे लागलेलेच आहेत. तरी ज्या घराला शुल्क परवडलं नाही त्या घरातलं मूल बाहेर राहतं आणि खुर्ची रिकामी राहते. सवलतीला ‘पैसे नाहीत’ असं उत्तर देण्याआधी प्रत्येक विभागाने आपल्या रिकाम्या जागा मोजाव्यात.

खर्चाच्या किती टक्के वसुली योग्य?

सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही. जो असा आकडा सांगतो त्याने तुमच्या शहराची हजेरीवही पाहिलेली नसते.

ठराव करताना एकच टक्केवारी सर्व उपक्रमांना लावू नका. गटवार ठरवा: मुलांचं प्राथमिक प्रशिक्षण, प्रौढांचे नियमित वर्ग, प्रगत आणि वैयक्तिक प्रशिक्षण, सभागृह आणि मैदानं भाड्याने देणं. प्रत्येक गटाची टक्केवारी थेट खर्चावर मोजायची की एकूण खर्चावर, हे शब्दांत लिहा. ‘७० टक्के वसुली’ हे वाक्य दोन विभाग दोन अर्थांनी वापरत असतील तर त्यांची तुलना व्यर्थ आहे.

शेजारच्या शहराचे दर बघून आपले ठरवले तर?

बघा जरूर, पण शेवटी. त्यांच्या दरामागे किती अनुदान आहे, तलाव किती जुना आहे, प्रशिक्षक पगारी आहेत की मानधनावर, हे दरपत्रकात दिसत नाही. त्यांनीही कदाचित तिसऱ्या शहराचेच दर उचलले असतील. आपला हिशेब झाल्यावर फार मोठी तफावत दिसली तर ती का आहे, एवढं शोधायला ही तुलना पुरेशी आहे.

फुकट दिलं की लोकांना किंमत राहत नाही. नाममात्र शुल्क तरी हवंच ना?

हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की ते सिद्ध झाल्यासारखंच वाटतं. अर्थतज्ज्ञ जेसिका कोहेन आणि पास्कलीन ड्युपा यांनी केनियात गरोदर स्त्रियांना मच्छरदाण्या देऊन हेच तपासलं. अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मच्छरदाणी मोफत ऐवजी ६० सेंटला ठेवली, तेही भरपूर अनुदान देऊन, तर घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्क्यांच्या फरकाने घसरलं. आणि ज्यांनी पैसे मोजून घेतली त्या ती अधिक वापरतात, असंही आढळलं नाही. नाममात्र रकमेने ‘कदर’ वाढली नाही, गरजू माणसं मात्र गळाली.

मच्छरदाणी आणि पोहण्याचा वर्ग एक नव्हेत, हे मान्य. वर्गाची एक अडचण खरी आहे: मोफत नोंदणी करून न येणारे लोक दुसऱ्याची जागा अडवतात. पण त्यावर शुल्क हाच एक उपाय नाही. पहिल्या दोन तासिकांना गैरहजर राहिलेल्याची जागा प्रतीक्षा यादीतल्या माणसाला द्या. आदल्या दिवशी संदेश पाठवा. फारच झालं तर छोटी अनामत घ्या आणि हजेरी पूर्ण झाल्यावर ती परत करा. अर्थात, ज्या घरात अनामतही जड जाते तिथे तीही माफ करावी लागते.

मग सगळंच सगळ्यांना मोफत करावं का?

इंग्लंडने २००९ मध्ये याची एक आवृत्ती करून पाहिली. साठी ओलांडलेले आणि सोळा वर्षांपर्यंतची मुलं यांना सहभागी शहरांमधल्या तलावांत मोफत पोहता येऊ लागलं. योजना २०१० च्या जुलैअखेर गुंडाळली गेली. मोफत पोहणाऱ्यांपैकी बरेच जण पैसे देऊनही आलेच असते, हे बंद करण्याचं एक कारण होतं.

यावरून ‘मोफत देऊ नये’ असा निष्कर्ष मी काढत नाही. ज्याच्या घराजवळ तलाव आहे, ज्याला पोहता येतं आणि ज्याच्याकडे मोकळा वेळ आहे, त्याच्यापर्यंत मोफत योजना सर्वांत आधी पोहोचते. शुल्क ही एक भिंत असते. अंतर, वेळ, पोहण्याच्या कपड्यांचा खर्च, ‘ही जागा आपल्यासाठी नाही’ ही भावना, या बाकीच्या भिंती शून्य शुल्काने पडत नाहीत. पैसे मर्यादित असतील तर ते सगळ्यांवर पातळ पसरण्यापेक्षा मुलांचं प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण मोफत करावं आणि ते शाळेच्या वेळेला जोडून घ्यावं, असं माझं मत आहे.

सवलत कोणाला आणि कशी द्यावी?

कशी, हा भाग बहुतेक धोरणांत दोन ओळींत संपतो, आणि सवलत मरते ती तिथेच.

अर्ज करणाऱ्याकडून एकच पुरावा मागा. दुसऱ्या कोणत्या सरकारी योजनेसाठी त्याची पात्रता आधीच तपासली गेली असेल तर तीच मान्य करा. माणसाने आपली गरिबी प्रत्येक खिडकीवर नव्याने सिद्ध का करावी? एकदा मिळालेली सवलत वर्षभर आणि सगळ्या केंद्रांवर चालू द्या. सवलत पैसे भरतानाच वजा व्हावी. ‘आधी पूर्ण भरा, मग परतावा मिळेल’ ही पद्धत ज्याच्याकडे आधी भरायला पैसे आहेत त्याच्यासाठीच असते.

सवलतीचा पास वेगळ्या रंगाचा नको. मुलांना असले रंग पहिल्या दिवशी कळतात. प्रवेशद्वारावरच्या कर्मचाऱ्यालाही कोण सवलतीवर आहे हे कळण्याची गरज नाही.

आइसलँडची राजधानी रेक्याविक, या शहराची पद्धत मला यासाठीच आवडते. तिथे ६ ते १८ वयाच्या प्रत्येक मुलाच्या नावाने शहर दरवर्षी ठरावीक रक्कम ठेवतं आणि ती खेळ, संगीत, कला यांच्या वर्गांच्या शुल्कात वळती करता येते. मदत सगळ्यांनाच असल्यामुळे ती घेण्यात कमीपणा नाही. एवढी तरतूद प्रत्येक शहराला जमणार नाही, पण मुलाच्या नावे रक्कम ठेवायची आणि निवड त्याच्यावर सोडायची हे तत्त्व लहान प्रमाणावरही चालतं.

अपंग व्यक्तीसोबत येणाऱ्या मदतनीसाला शुल्क लावू नये. तो पोहायला आलेला नाही. त्याच्याशिवाय ती व्यक्ती येऊच शकत नाही. यावर चर्चाही होऊ नये, पण अजून होते.

कमी उत्पन्नाच्या लोकांचा विचार ही काही आजची कल्पना नाही. ब्रिटिश संसदेने १८४६ मध्ये सार्वजनिक स्नानगृहांचा आणि धुलाईघरांचा कायदा केला. त्यात सर्वांत साध्या वर्गाच्या थंड स्नानाला एक पेनी आणि गरम स्नानाला दोन पेनी, ही कमाल मर्यादा कायद्यातच घातली होती. शिवाय वरच्या वर्गासाठी जेवढी स्नानगृहं असतील त्याच्या किमान दुप्पट श्रमिकांसाठी असावीत, अशी अट होती. दुसरी अट मला अधिक शहाणपणाची वाटते. स्वस्त दर कागदावर ठेवायचा आणि त्या दराच्या जागाच कमी ठेवायच्या, ही पळवाट तिने बंद केली. आजच्या ठरावातही सवलतीच्या दराबरोबर सवलतीच्या जागांची संख्या लिहायला हवी.

ज्येष्ठांना सरसकट निम्मं शुल्क द्यावं का?

हा नाजूक विषय आहे. वय म्हणजे उत्पन्न नव्हे: काही ज्येष्ठ सुखवस्तू असतात, तर काही तरुण पालकांना महिनाअखेर जड जाते. मात्र ज्येष्ठ दुपारच्या रिकाम्या वेळी येऊ शकतात, आणि त्या वेळी त्यांच्या येण्याचा खर्च शहराला जवळपास नसतो. म्हणून वयाची सवलत कमी गर्दीच्या वेळेला जोडावी आणि उत्पन्नाची सवलत सगळ्या वेळांना लागू ठेवावी. आधीपासून असलेली सवलत एका फटक्यात काढू नका. अनेकांचा दिवस तिच्याभोवती आखलेला असतो.

गर्दीच्या वेळी जास्त दर लावणं योग्य आहे का?

पहाटे आणि संध्याकाळी टेनिसची कोर्टं मिळत नाहीत, दुपारी ती ओस पडलेली असतात. दरातल्या फरकाने काही लोक दुपारकडे वळतात, हे खरं. पण दिवसभर काम करणाऱ्याला दुपार निवडताच येत नाही. म्हणून गर्दीच्या वेळचा दर वाढवण्यापेक्षा रिकाम्या वेळचा उतरवावा. दर तासाला बदलणारे भाव सार्वजनिक सुविधेला शोभत नाहीत. आपल्याला किती पैसे लागतील हे घरातून निघतानाच माणसाला माहीत असावं.

शहराबाहेरच्यांकडून जास्त घ्यावं का?

हो, ते आपल्या शहरात कर भरत नसतील तर तेवढ्या फरकापुरतं. त्याहून जास्त घेणं म्हणजे पाहुण्याला दारातून परतवणं. जागा भरत नसतील तर तेवढा फरकही लावू नका. प्रतीक्षा यादी असेल तिथे रहिवाशांना नोंदणी काही दिवस आधी खुली करणं बहुधा पुरतं.

शिबिरातून मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला तर?

आधी इस्रायलमधल्या हायफा शहरातला अनुभव वाचा. अर्थतज्ज्ञ उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिचिनी यांनी तिथल्या दहा पाळणाघरांचा अभ्यास केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या काही पाळणाघरांनी उशिरा येणाऱ्या पालकांना छोटा दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला, आणि दंड काढून टाकल्यावरही तो खाली आला नाही. बाई आपल्यासाठी थांबल्या आहेत ही टोचणी गेली आणि तिच्या जागी ‘पैसे भरतो ना’ हा हिशेब आला.

म्हणून आधी पालकांशी बोला. अनेकांची कामाची वेळच शिबिराच्या वेळेशी जुळत नसते. तशी मागणी दिसली तर जादा तासाची व्यवस्था उघडपणे सुरू करा, तिचं शुल्क लावा, आणि थांबणाऱ्या कर्मचाऱ्याला त्याचा मोबदला द्या. दंडाच्या नावाने चोरून विकली जाण्यापेक्षा ही सेवा राजरोस दिलेली बरी.

खासगी क्लासवाले म्हणतात, शहर स्वस्तात देऊन आमच्या पोटावर पाय आणतं.

प्राथमिक वर्गाबाबत हा आक्षेप मी मान्य करत नाही. शहर ज्यांना शिकवतं त्यांतले बरेच जण खासगी वर्गात कधीच गेले नसते, आणि आवड लागल्यावर पुढचं शिकायला त्यांच्याकडेच जातात. प्रगत वर्गाचा दर मात्र अनुदानावर खाली ठेवला असेल तर तक्रार बरोबर आहे. तिथे पूर्ण खर्च आकारा.

सार्वजनिक मैदानावर स्वतःचे पैसे घेऊन वर्ग चालवणाऱ्यांकडून परवान्याचं शुल्क जरूर घ्या, आणि कोणत्या वेळी मैदान त्यांना मिळणारच नाही हेही ठरवा. एरवी मोकळ्या खेळाची जागा आक्रसत जाते आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही.

दर किती वर्षांनी वाढवावेत?

दरवर्षी थोडे, ठरलेल्या सूत्राने. आठ वर्षं हात न लावता नवव्या वर्षी दर दुप्पट केले की नागरिक चिडतात आणि तेव्हा ते बरोबरच असतात.

मोठी वाढ बहुधा बाहेरच्या धक्क्याने येते. कॅलिफोर्नियात जून १९७८ मध्ये मतदारांनी मालमत्ता कराला मालमत्तेच्या मूल्याच्या १ टक्क्याची मर्यादा घातली. शहरांचं हक्काचं उत्पन्न आटलं आणि जे पूर्वी करातून चालत असे त्याच्यासाठी शुल्क लावण्याकडे शहरं वळली. अशा घाईत पिरॅमिड काढायला कोणाला सवड नसते. जिथून पटकन पैसे मिळतात तिथे शुल्क चढतं. म्हणून धोरण बऱ्या दिवसांतच लिहून ठेवावं.

जमा झालेलं शुल्क कुठे जावं?

सगळं सामायिक तिजोरीत गेलं तर केंद्रावरच्या माणसांना नीट वसुलीत रस राहत नाही. सगळं केंद्राकडे राहिलं तर दुसराच धोका: केंद्र हळूहळू पैसे देणाऱ्या वर्गांकडे झुकतं, संध्याकाळच्या चांगल्या वेळा त्यांना जातात आणि मुलांचा मोफत वर्ग भर दुपारी ढकलला जातो. मी हे होताना पाहिलं आहे. कोणी वाईट हेतूने करत नव्हतं, फक्त वर्षअखेरीला त्यांना जमेचा एकच आकडा विचारला जात होता. ठरलेला वाटा केंद्राच्या देखभालीला राखून ठेवावा आणि केंद्राकडून जमेबरोबरच मोफत आणि सवलतीच्या जागा किती भरल्या हेही विचारावं.

ठरवलेलं शुल्क बरोबर आहे, हे कळायचं कसं?

तक्रारींवरून नाही. तक्रार करतो तो आत आलेला माणूस. शुल्क पाहून दारातूनच परतलेल्या माणसाचं नाव कोणत्याच वहीत नसतं.

त्याला शोधावं लागतं. नोंदणीचे पत्ते नकाशावर मांडा. ज्या वस्त्यांतून एकही ठिपका नाही त्या वस्त्या ठळक दिसतील. मागच्या वर्षी आलेले आणि या वर्षी न आलेले, त्यांतल्या वीस-तीस जणांना फोन करा. गळती दर वाढल्यानंतरच्या महिन्यात झाली की शाळा सुरू झाल्यावर, ते पाहा. सवलतीचे अर्ज किती नेले गेले आणि किती भरून परत आले, हा आकडा ठेवा. दोहोंत मोठा फरक असेल तर दोष त्या अर्जात शोधा. आणि एखाद्या संध्याकाळी तलावाच्या कुंपणाबाहेर उभं राहून आत पाहणाऱ्या मुलांना विचारा, तुम्ही का येत नाही. कधी ती रक्कम सांगतील, कधी बसचं भाडं, कधी फक्त ‘आम्हाला आत येता येतं हेच माहीत नव्हतं’ एवढंच.